परतलेल्यांचे स्मारक

आपल्या सोलापूर जिल्ह्यात जुन्या मंदिरांच्या आवारात, गावच्या वेशीजवळ किंवा एखाद्या पाराला टेकवून ठेवलेले वीरगळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. शतकानुशतकांच्या ऊन-पावसाने झिजलेल्या त्या शिळांवर बहुधा एकावर एक असे तीन किंवा चार कप्पे कोरलेले असतात. तळाच्या कप्प्यात वीर लढताना दिसतो किंवा धारातीर्थी पडलेला असतो. त्यावरच्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात आणि सर्वांत वर तो आपल्या आराध्य देवतेच्या सन्निध बसलेला असतो. माथ्यावर सूर्य-चंद्र असतात. जोवर ते आकाशात आहेत, तोवर या वीराचे स्मरण राहील, असा त्यांचा अर्थ.

या शिल्पपटात एका माणसाला मात्र जागा मिळालेली नाही. त्याच लढाईत ज्याचा हात तुटला, डोळा गेला किंवा पाय कायमचा अधू झाला आणि जो तशाच अवस्थेत आपल्या घरी परतला, तो या कप्प्यांपैकी कोठे बसावा? त्याला न्यायला अप्सरा आल्या नाहीत. बैलगाडीतून कोणीतरी त्याला घरी आणून सोडले असेल आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तो ओसरीवर बसून राहिला असेल. त्याची शिळा कोणी कोरली नाही.

वाचकहो, ही उणीव केवळ जुन्या काळाची नाही. 25 फेब्रुवारी 2019 रोजी नवी दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारकाचे लोकार्पण झाले. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी त्याची चार वर्तुळाकार वलये आहेत. लोकार्पणाच्या वेळी त्यांतील त्याग चक्राच्या भिंतींवर 25,942 हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटमध्ये कोरलेली होती. स्वातंत्र्यानंतर सात दशकांनी का होईना, देशाने आपल्या वीरांची नावे एका ठिकाणी आणली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या भिंतीवर नाव येण्यासाठी एक अट पूर्ण व्हावी लागते. ती अट मृत्यूची आहे.

कारगिल युद्धाचेच उदाहरण घेऊ. 1999 च्या त्या संघर्षात आपले 527 जवान हुतात्मा झाले. दरवर्षी 26 जुलैला शाळाशाळांतून, वृत्तपत्रांतून हा आकडा सांगितला जातो आणि तो अनेकांना पाठ असतो. त्याच युद्धात 1,363 जवान जखमी झाले होते. हा दुसरा आकडा आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आला असेल? एका हुतात्म्यामागे अडीचहून अधिक जखमी, असे ते प्रमाण आहे. ज्यांची संख्या जास्त, त्यांचेच स्मरण कमी, अशी ही विपरीत स्थिती आहे.

याचे कारण आपल्या कृतघ्नतेत शोधण्याची घाई करू नये. मृत्यू ही पूर्ण झालेली घटना असते. तिला तिथी असते, वार असतो, पुष्पचक्र वाहता येते, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहता येते. जखम ही अपूर्ण राहिलेली घटना आहे. कारगिलमध्ये जो बावीस वर्षांचा तरुण सुरुंगावर पाय पडून जायबंदी झाला, तो आज पन्नाशीच्या आसपास असेल. या काळात त्याने कितीदा कृत्रिम पाय बदलला असेल, कितीदा त्याच्या पायाच्या उरलेल्या भागाला घट्टे पडले असतील, पावसाळ्याच्या रात्री तोडलेला पाय जागेवर असल्यासारखा दुखला असेल. त्याची लढाई कोणत्या तिथीला साजरी करावी? ती तर रोज सकाळी अंथरुणातून उठताना पुन्हा सुरू होते.

महाराष्ट्राच्या परंपरेत मात्र जखमी सैनिकाचा विचार अगदीच झाला नाही, असे नाही. शिवछत्रपतींच्या चरित्राचे जे जवळचे साधन आपल्याजवळ आहे, ती कृष्णाजी अनंत सभासदाची बखर 1697 च्या सुमारास जिंजी येथे लिहिली गेली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले, हे सांगताना सभासद केवळ विजयाच्या आनंदापाशी थांबत नाही. जे पडले, त्यांच्या मुलांचा सांभाळ केला. ज्यांना पुत्र नव्हता, त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन लावून दिले. आणि जे जखमी झाले, त्यांना जखमेचे स्वरूप पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन याप्रमाणे द्रव्य दिले, असे तो नमूद करतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीतील विवेक पाहण्यासारखा आहे. सरसकट सर्वांना सारखे देऊन मोकळे होणे सोपे होते. तसे न करता प्रत्येकाची जखम कोणीतरी जवळ जाऊन पाहिली, तिचे मोजमाप केले आणि मग हिशेब मांडला. जखमीकडे पाहणे हाच त्याच्या सन्मानाचा पहिला भाग होता.

आधुनिक काळात ही जाणीव आपल्याकडे संस्थारूपाने आली ती पहिल्या महायुद्धात. मेसोपोटेमिया, फ्रान्स, पूर्व आफ्रिका या रणभूमींवरून हिंदी सैनिक जहाजे भरभरून मुंबई बंदरात परत येत होते. त्यांत हातपाय गमावलेल्यांची संख्या मोठी होती. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती मुंबईतील भव्य वास्तू तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. तेथे पुराणवस्तू मांडण्याऐवजी युद्धकाळात लष्करी रुग्णालय चालले. परंतु जखम भरल्यावर पुढे काय, हा प्रश्न रुग्णालयाला सोडवता येत नाही. नांगर धरायला हात नाही आणि पाणंदीने चालायला पाय नाही, असा शेतकऱ्याचा मुलगा गावी जाऊन काय करणार? या प्रश्नातून 1917 साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला हलले आणि एका शतकाहून अधिक काळ तेथे अपंग सैनिकांना निरनिराळे व्यवसाय शिकवण्याचे काम चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धाने पुण्याच्या लष्करी परिसरात आणखी एका संस्थेची भर घातली. 1944 मध्ये कृत्रिम अवयव केंद्र, म्हणजे आर्टिफिशियल लिंब सेंटर, स्थापन झाले. देशभरातील हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा उभे करण्याचे काम ते करीत आले आहे. त्यानंतर 1965 आणि 1971 च्या युद्धांनी निराळाच प्रश्न पुढे आणला. पाठीच्या कण्याला गोळी लागून ज्यांच्या कमरेखालची किंवा मानेखालची संवेदनाच गेली, त्यांना कृत्रिम पाय बसवून भागणार नव्हते. त्यांच्यासाठी 1974 साली खडकी येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र, सुरू झाले.

मज्जारज्जूच्या दुखापतीत नेमके काय होते, हे समजून घेतल्यावाचून या केंद्राचे मोल कळणार नाही. आपण झोपेत नकळत कूस बदलतो, कारण एकाच अंगावर भार आला की शरीर आतून सूचना देते. ज्याची संवेदना गेली, त्याला ही सूचना मिळत नाही. त्यामुळे त्याची कूस दर काही तासांनी दुसऱ्या कोणीतरी बदलावी लागते. ते चुकले, तर त्वचेखालचा रक्तपुरवठा थांबून खोल व्रण पडतात आणि ते जिवावर बेततात. लघवीचा मार्ग, श्वास, पचन अशा प्रत्येक गोष्टीची व्यवस्था घड्याळ लावून पाहावी लागते. हे काम एका दिवसाचे किंवा एका वर्षाचे नसते. ते आयुष्यभराचे असते. आणि अशा देहात राहूनही खडकीतील सैनिक चाकाच्या खुर्चीवरून खेळ खेळतात, कामे करतात. ज्यांचे हातही चालत नाहीत, त्यांच्यापैकी काहींनी दातांत कुंचला धरून चित्रे काढण्याची कला आत्मसात केली आहे.

याच युद्धांनी आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याला एक नाव दिले. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई शाखेत होते. ते मुष्टियोद्धा होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांतील एक कण्याजवळ रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरायला सांगण्यात आले आणि पाण्याने त्यांचे वजन पेलले. 1972 साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात 37.33 सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळवले. कोणत्याही भारतीयाने वैयक्तिक पातळीवर ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले सुवर्णपदक होते.

एवढा पराक्रम केलेला माणूस घराघरांत ठाऊक असायला हवा होता. प्रत्यक्षात पेटकर यांना पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये, सुवर्णपदकानंतर 46 वर्षांनी. त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट 2024 मध्ये आला आणि कारकिर्दीच्या गौरवार्थ अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला तो जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. विलंबाने का होईना, गौरव झाला, हे खरे. तरीही मनात प्रश्न उरतो. ज्याने सुवर्णपदक जिंकले, त्याला जर अर्धे शतक वाट पाहावी लागली, तर ज्याने काहीच जिंकले नाही, जो नुसता जगला, त्याची दखल कधी आणि कोणी घ्यायची?

मुंबईत जन्मलेले मेजर जनरल इयान कार्डोझो यांची कथाही याच काळातील. 1971 च्या युद्धात सिल्हेटच्या बाजूला सुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय चिंधड्या झाला. वेदनाशामक औषध नव्हते. त्यांनी आपल्याच खुकरीने तो पाय वेगळा केला. ही घटना पुष्कळांना माहीत असते. त्यानंतरची लढाई मात्र कमी सांगितली जाते. कृत्रिम पाय लावून आपण निरोगी अधिकाऱ्याइतकेच सक्षम आहोत, हे त्यांना पुन्हापुन्हा सिद्ध करावे लागले. शेवटी ते पायदळाच्या बटालियनचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे पहिले युद्धअपंग अधिकारी ठरले. खुकरीचा घाव क्षणाचा होता. लोकांच्या मनातील ‘आता याच्याने काय होणार’ हा समज तोडायला वर्षे लागली.

शासनाने या सैनिकांकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी होणाऱ्या सैनिकासाठी ‘पराक्रम पदक’ आहे. जखमेला पराक्रम म्हणणारे हे नाव ज्याने सुचवले असेल, त्याने फार खोल विचार केला असला पाहिजे. 2018 हे वर्ष भारतीय सेनेने कर्तव्यावर असताना अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी समर्पित केले होते. तथापि नाण्याची दुसरी बाजूही आहे. अपंगत्व किती टक्के, ते सेवेमुळे आले की नाही, युद्धातील जखम म्हणायची की अपघात, या प्रश्नांवर निवृत्तिवेतनाची रक्कम ठरते आणि त्यासाठी कित्येक माजी सैनिकांना सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. सभासदाच्या बखरीत जखम पाहणारा माणूस जखमीच्या जवळ गेला होता. आज जखमीला आपली जखम घेऊन कचेरीत जावे लागते.

सातासमुद्रापलीकडे या विषयावर एक स्वतंत्र स्मारक उभे आहे. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे, युद्धात कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांचे स्मारक 5 ऑक्टोबर 2014 रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तेथे ताऱ्याच्या आकाराचे एक उथळ जलकुंड आहे आणि त्याच्या मध्यभागी ज्योत तेवते. भोवती काचेच्या आणि ग्रॅनाइटच्या भिंती असून काचेवर सैनिकांचे शब्द आणि चेहरे उमटवले आहेत. त्या जागेची निवड विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहाचा घुमट तेथून समोर दिसतो. युद्धाचा निर्णय जेथे घेतला जातो आणि युद्धाची किंमत ज्यांनी मोजली, ते दोघे एकमेकांच्या दृष्टीसमोर राहावेत, ही त्यामागील योजना. खडकीचे काम आणि वॉशिंग्टनचे स्मारक यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडे काम झाले आणि ते कुंपणाआड राहिले. समाजाच्या डोळ्यांसमोर त्याची खूण उभी राहिली नाही, हे मान्य करावे लागते.

खूण म्हटली, की सोलापूरकरांना दूर जायला नको. हुतात्म्यांचे स्मरण कसे करावे, हे या शहराला शिकवावे लागत नाही. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांचे पुतळे आपण जपले आहेत. आणि भैय्या चौकात एक स्मारक असे आहे, जे जखमी सैनिकांच्या सेवेत देह ठेवणाऱ्याचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधील जखमींवर उपचार करण्यासाठी 1938 साली जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत ते होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. गुहांत, पडक्या घरांत, मिळेल त्या उजेडात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, पुढे तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी ज्यांच्यावर उपचार केले, त्यांची भाषा त्यांना आधी येत नव्हती. जखम मात्र त्यांना वाचता येत होती.

रुग्ण आणि पीडित यांच्या सेवेला आपल्या परंपरेत वैयावृत्त्य म्हणतात आणि तिची गणना अंतरंग तपात केली जाते, हे वाचकांना सांगायला नको. याच भावनेचे एक आधुनिक रूप 1975 मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीत दिसते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ या संस्थेने विनामूल्य लाखो जणांपर्यंत पोहोचवला. मांडी घालून बसता यावे, अनवाणी शेतात चालता यावे, असा तो पाय आपल्या जीवनपद्धतीतून जन्मला. अफगाणिस्तानसारख्या युद्धाने पोळलेल्या देशातही तो सुरुंगांनी जायबंदी झालेल्यांच्या उपयोगी पडला. तेथे सैनिक कोण आणि सामान्य माणूस कोण, हा भेद उरत नाही.

मग सोलापुरात जखमी सैनिकांचे स्मारक उभारायचे झाले, तर ते कोठे आणि कसे असावे? चौथरा, पुतळा, कोनशिला यांना विरोध असण्याचे कारण नाही. परंतु चौथऱ्याला पाच पायऱ्या असतील आणि ज्याच्या नावाने तो बांधला, तोच खुर्चीवरून त्यावर चढू शकणार नसेल, तर त्या सन्मानाला काय म्हणावे? आमच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांतून फिरताना हा प्रश्न पावलोपावली दिसतो. वाड्यांचे उंबरठे उंच आहेत, दुकानांना पायऱ्या आहेत, कचेऱ्या आणि बँका कित्येकदा पहिल्या मजल्यावर आहेत. मंगल कार्यालयात जेवणाची पंगत वरच्या सभागृहात असते. चाकाची खुर्ची सुरक्षितपणे चढण्यासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो आणि दार सुमारे तीन फूट रुंद असावे लागते. एवढेच त्याचे गणित आहे. मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, धर्मशाळेची नवी इमारत ठरली किंवा सभागृहासाठी वर्गणी जमू लागली, की विश्वस्तांनी आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी हे बारा फूट शोधावेत. त्या उतारावर एका पाटीपुरती जागा ठेवून तो जखमी सैनिकांच्या नावे अर्पण करता येईल. वृद्ध माता-पित्यांनाही त्याचा उपयोग होईल, हा वेगळा लाभ.

दुसरी गोष्ट आणखी सोपी आहे. 1949 पासून दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या निधीतून हुतात्म्यांच्या कुटुंबीयांबरोबर अपंग सैनिकांच्या पुनर्वसनालाही मदत होते. आपण छातीवर कागदी ध्वज लावतो आणि दहा-वीस रुपये डब्यात टाकतो. यंदा आपल्या मंडळांनी, महिला परिषदांनी आणि पाठशाळांनी त्यापुढे एक पाऊल टाकावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी, की आपल्या तालुक्यात अपंगत्व आलेले माजी सैनिक किती आहेत आणि त्यांना नेमके काय हवे आहे. कोणाला खुर्चीचे चाक दुरुस्त करून हवे असेल, कोणाच्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न असेल, कोणाला निवृत्तिवेतनाचा अर्ज भरायला कोणीतरी जाणकार हवा असेल. आपल्या समाजात हिशेब तपासनीस आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. महिन्यातून एक तास दिला, तरी पुष्कळ होईल.

आणि त्या घरी गेल्यावर त्या सैनिकाच्या पत्नीकडेही लक्ष असू द्यावे. दर रात्री उठून त्याची कूस बदलणारी, औषधांच्या वेळा सांभाळणारी, मुलांना वाढवणारी ती स्त्री कोणत्याही पदकाच्या यादीत नसते. तिचे नाव विचारावे. ‘साहेब कसे आहेत’ याच्यानंतर ‘आणि आपण कशा आहात’ हेही विचारावे. येत्या 7 डिसेंबरपर्यंत आपल्यापैकी दहा कुटुंबांनी जरी असा एक उंबरठा ओलांडला, तरी शहरातील या स्मारकाच्या कामाला सुरुवात झाली, असे समजता येईल.